सिस्टरांचा सत्कार

आयुष्यात मी एकाच माणसाचा सत्कार घडवून आणला, आणि त्या सत्कारानं त्या माणसाचं वाटोळं केलं. त्यानंतर मी कुणाच्या सत्काराच्या भानगडीत पडले नाही. माझ्या ओळखीपाळखीची माणसं तेव्हापासून सुखात आहेत.

तेव्हा मी अवघी एकसष्ट वर्षांची होते. एकसष्टीला माणसाला अक्कल आलेली असते असं ज्यांना वाटतं, त्यांनी मला तेव्हा पाहायला हवं होतं. शाळेत जन्मभर मराठी शिकवलेली बाई. गॅदरिंगपासून शिपायाच्या निरोप समारंभापर्यंत माईक माझ्याच हातात. 'नम्र विनंती करते' हे शब्द मी इतक्या वेळा म्हटले होते की झोपेतही म्हणत असेन. निवृत्त झाले, माईक गेला, आणि हाताला नुसती खाज राहिली. त्या खाजेपायी सिस्टरांचा बळी गेला.

त्यांना सगळे सिस्टरच म्हणत. सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात हयात काढून निवृत्त झालेल्या. ठेंगण्या, रुंद, पांढऱ्या साडीची सवय न सुटलेल्या. नागपूरच्या जरीपटक्यात एका मंडळाचा वरच्या मजल्यावर हॉल होता. सकाळी भजन, संध्याकाळी साखरपुडे, आणि दुपारी, नागपूरकर पंख्याखाली आडवे होतात त्या वेळेला, सिस्टरांचा वर्ग. आजारी माणसाचं अंथरुणात कसं करायचं, ते शिकवणारा. कुशीवर फिरवणं, अंग पुसणं, भरवणं, चादर बदलणं. शिकायला येणाऱ्या बहुतेक पोराबाळांच्या बाया: कुणी मेसमध्ये पोळ्या लाटणारी, कुणी धुणंभांडी करणारी, एक रिटायर हवालदारही होता, त्याची आई अंथरुणात होती. आणि मी.

मी कशी गेले? आमच्या ह्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि भाषाही गेली. एक शब्द तेवढा उरला, 'बरोबर'. काहीही विचारा, 'बरोबर'. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती आणि त्यातलं एकही वर्ष असं गेलं नव्हतं की हा शब्द त्यांनी मला उद्देशून वापरला. आता दिवसभर तेच. मला आधी बरं वाटलं, मग भीती वाटायला लागली.

मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "आई, नर्सिंग ब्यूरोतून बाई लाव." मी म्हटलं, नाही, मी शिकेन, मी करेन. त्यात नवऱ्याबद्दलचं प्रेम किती आणि चार लोकांनी 'धन्य त्या बाईची' म्हणावं ही हौस किती, याचा हिशेब मी आजवर केलेला नाही. आमच्या बेशाहून सीताबर्डी, तिथून दुसरा ऑटो करून जरीपटका. नागपूरचं एक टोक ते दुसरं टोक. इतक्या लांब जाते, हेसुद्धा मी चार जणींना सांगत असे.

पहिल्या दिवशी मी वही-पेन घेऊन पहिल्या रांगेत बसले. सिस्टरांनी आधी माझे हात हातात घेतले, उलटसुलट केले, वास घेतला, आणि कमरेचा नेलकटर काढून माझी नखं कापायला सुरुवात केली. सगळ्यांदेखत. मुख्याध्यापिका राहिलेल्या बाईची.

"मी स्वतः कापते हो," मी म्हटलं.

"कापत असत्या त वाढली नसती." मग वहीकडे बोट. "अन् हे कायले आणलं?"

"नोट्स घ्यायला."

"पेशंट रात्री घाण करन तवा वही उघडून पाहान का?"

बाया हसल्या. मी वही पिशवीत टाकली. मग बांगड्या. वर्गात हातात काही चालत नसे. काचेनं आजाऱ्याची कातडी सोलवटते म्हणून. नव्या बाया बांगड्या काढायला बिचकत, नवऱ्याचं नाव घेत, डोळ्यात पाणी आणत. सिस्टर स्टीलचा डबा पुढे धरून उभ्या. "टाक वं. बांगडीनं नवरे जगत असते त मी कासाराचं दुकान टाकलं असतं."

त्या स्वतः विधवा होत्या की नवऱ्यानं टाकलेल्या, कुणालाच माहीत नव्हतं. विचारायची छाती नव्हती. मी एकदा विचारलं होतं. "तुमाले शिकाचं आहे का माझं लगन लावाचं आहे?" म्हणाल्या.

त्यांच्या वर्गाची खरी गंमत पुढे होती. गंमत मी आता म्हणते. शिकायला आलेल्याला त्या आजाऱ्याला हातच लावू देत नसत. आधी त्यानं स्वतः आजारी व्हायचं. हॉलमध्ये एकच लोखंडी खाट होती, दवाखान्याच्या भंगारातून आणलेली. तिच्यावर झोपायचं. उजवा हात ओढणीनं अंगाशी बांधायचा. तोंडातून शब्द काढायचा नाही. आणि मग सिस्टर बाजूला स्टुलावर बसून बाकीच्यांशी गप्पा मारत. चहा पीत. शेजारणीच्या सुनेची उखाळीपाखाळी काढत. खाटेवरच्याकडे ढुंकून पाहत नसत. नाकावर माशी बसली, बसू दे. पाठ दुखली, दुखू दे. मग मध्येच, काही न सांगता, कोमट पाण्याचा मग घेऊन कमरेखाली चादरीवर ओतायच्या. आणि पुन्हा चहा.

पाणी पहिल्यांदा गरम लागतं. चक्क बरं लागतं. मग ते गार व्हायला लागतं, आणि पंखा वरून चालू असतो, आणि चार पावलांवर बाया हसत असतात, आणि तुम्ही बोलायचं नसतं. मी त्या खाटेवर पडले होते तेव्हा माझ्या मनात नवऱ्याचा विचार आला असं सांगायला मला आवडलं असतं. माझ्या मनात आलं, माझी साडी फुलियाची आहे, बंगालहून मागवलेली. मग थोड्या वेळानं मी रडायला लागले.

"रडल्यानं आणखी ओलं होते," सिस्टर म्हणाल्या, वळूनही न पाहता.

मला उठवल्यावर मी भांडले. "हे सांगूनही कळलं असतं, सिस्टर."

"सांगून कळते त्याले बातमी म्हणते," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या बाईला खाटेकडे ढकललं.

दोन शब्दांवर त्यांचा राग होता. एक 'बिचारा'. "बिचारा म्हटलं का हात ढिला पडते. हात ढिला पडला का माणूस पडते." दुसरा 'सेवा'. कुणी म्हटलं, 'सिस्टर, किती मोठी सेवा करून राहिल्या तुम्ही', की त्यांचं तोंड वाकडं होई. "सेवा देवळात. हे काम आहे. सेवेत माणसाले सुट्टी नसते अन् चूक दिसत नाही." मी मराठीची बाई; मला ते वाक्य इतकं आवडलं की घरी येऊन दोनदा मोठ्यानं म्हणून पाहिलं. त्याचा अर्थ मात्र माझ्यापर्यंत पोचला नाही. वाक्य आवडलं की मला अर्थ कळल्यासारखं वाटतं. हा जुना रोग आहे.

त्या गोड होत्या असं मी म्हणणार नाही. एकदा तर मला त्या दुष्ट वाटल्या. एक बाई होती, खेड्यातून आलेली, नुकतीच शहरात. वर्गातल्या एकीला आजारी करून तिच्या अंगाखालचं बदलायचं काम तिला दिलं होतं. सिस्टरांनी चादरीला हळद-बेसन कालवून लावलं होतं, खरंच वाटावं असं. त्या बाईच्या तोंडून निघालं, "अई बाप्पा, केवढी घाण!" झालं. सिस्टरांनी तिची पिशवी तिच्या हातात दिली आणि जिना दाखवला. ती बरेच दिवस दुपारी येऊन जिन्याच्या खालच्या पायरीवर बसायची. सिस्टर तिच्या बाजूनं चढून जायच्या.

मी म्हटलं, "सिस्टर, घाण वाटली तिला, त्यात काय? मलाही वाटते."

"मलेही वाटते. तीस वर्षं वाटली. वाटली हे चूक नाही. पेशंटच्या तोंडावर म्हटलं तिनं."

"पण तो खोटा पेशंट होता!"

"तोंड त खरं होतं ना तिचं?"

त्या बाईला कामाची गरज होती. एक दिवस ती पायरीवर दिसली नाही. पुढे तिचं काय झालं, सिस्टरांनी विचारलं नाही आणि मीही नाही. वर्गातून उतरताना त्या पायरीवर पाय देताना मला अजून जड जातं, असं लिहिलं असतं. पण तो जिनाच आता राहिला नाही, ते पुढे येईल.

परीक्षेची तऱ्हा मात्र त्यांची त्यांनाच सुचावी अशी होती. शिकून झालं असं वाटलं की सिस्टर स्वतः खाटेवर झोपत. शिकणारीनं त्यांना फिरवायचं, पुसायचं, चादर बदलायची. त्या डोळे मिटून पडत. त्यांना झोप लागली तर पास. बस्स. कागद नाही, शिक्का नाही. मग सिस्टर कुणाला तरी फोन करत, 'बाई पाठवून राहिली,' आणि उत्तर नागपुरात 'सिस्टरची बाई' म्हटलं की लोक दार उघडत.

मंदा नावाची एक होती, मेसमध्ये पोळ्या लाटणारी, धिप्पाड, आवाज फाटका. तिनं फिरवलं आणि सिस्टर घोरायला लागल्या. मंदा घाबरून म्हणाली, "मेली का काय वं हे?" सगळा वर्ग तोंडात पदर घालून हसला. त्या दिवशी मंदाच्या तोंडावर जे होतं ते मी शाळेत पहिल्या आलेल्या मुलीच्या तोंडावरसुद्धा पाहिलं नाही.

माझी परीक्षा तीनदा झाली. तिन्ही वेळा सिस्टर सताड डोळे उघडे ठेवून छताकडे पाहत होत्या. तिसऱ्या वेळी उठून पदर सारखा करत म्हणाल्या, "मास्तरीणबाई, तुमचा हात बोलते लय. लागते मले."

घरी आमच्या ह्यांना कुशीवर करून मी विचारलं, "माझा हात बोलतो का हो?"

"बरोबर," हे म्हणाले.

ज्याला हातानं काही जमत नाही, तो सत्काराच्या मागे लागतो. हे मी आता सांगते. तेव्हा माझ्या डोक्यात असं शिरलं की या बाईची जगाला ओळख नाही, आणि ती करून द्यायला देवानं मला बेशाहून जरीपटक्याला पाठवलंय. सिस्टरांना सांगितलं. त्यांनी पहिल्यांदा ऐकूच आलं नाही असं केलं. दुसऱ्यांदा म्हणाल्या, "शाल देसान का? एप्रिल महिन्यात, नागपुरात, शाल? मी काय वाईट केलं तुमचं?"

मग मी माझी हुकमी गोष्ट काढली. वर पाण्याचा नळ नव्हता. बाया खालून बादल्या चढवत. खाट एकच. मी म्हटलं, "मंडळाचे अध्यक्ष येतील. त्यांच्यादेखत होईल. नळाचं आणि दुसऱ्या खाटेचं मी त्यांच्याशी बोलते."

सिस्टर बोटांनी खाटेची पट्टी चाचपत राहिल्या. "नळ भेटन का पण?"

"भेटेल हो."

"नाही, अध्यक्ष नवे आहेत. जुने होते त्यांच्या मायचं मी केलं होतं, म्हणून हा हॉल. नव्याले माहीतच नाही का दुपारी इथं काय चालते. थे तसंच राहिलेलं बरं." मग थांबून, वेगळ्याच आवाजात, "हे गेलं त मी घरी बसून काय करू? भिंतीले कुशीवर फिरवू?"

मी हसले. मला वाटलं त्या विनोद करतायत. मी त्यांचा हात थोपटला आणि म्हटलं, "सिस्टर, तुम्ही काही काळजी करू नका. सगळं माझ्यावर सोपवा." आजही कुणी मला हे वाक्य म्हटलं की मी आधी चप्पल कुठे आहे ते बघते.

कार्यक्रम झकास झाला. हॉल भरला. मी पैठणी नेसले होते. कूलर दोन, दोन्ही पाहुण्यांकडे तोंड करून. अध्यक्ष म्हणजे बांधकामाचे ठेकेदार, पन्नाशीचे, हसरे, कांजी केलेला पांढराशुभ्र कुर्ता-पायजमा. मनानं वाईट माणूस नव्हे. त्यांनी शाल घातली, नारळ दिला. सिस्टरांनी शाल लगेच काढून खाटेच्या पायथ्याशी घडी करून ठेवली, जशी त्या कुणाही आजाऱ्याची ठेवत. फोटोवाला म्हणाला, "शाल राहू द्या हो अंगावर." सिस्टर म्हणाल्या, "तुह्या अंगावर घे."

पुढे प्रात्यक्षिक होतं. ठरल्याप्रमाणे मंदानं पेशंट व्हायचं, सिस्टरांनी तिला फिरवून दाखवायचं, टाळ्या, आभार. मंदा खाटेकडे निघालीसुद्धा. आणि माझ्या हातात माईक होता. समोर भरलेला हॉल. मला वाटलं, यात मजा नाही.

"मंडळी," मी म्हटलं, "आज पेशंट होण्याचा मान आपण आपल्या लाडक्या अध्यक्षांना देऊया! मी त्यांना नम्र विनंती करते..."

टाळ्या. शिट्ट्या. अध्यक्ष हसत हसत उठले, चपला काढून खाटेवर आडवे झाले. सिस्टर जागेवरून हलल्या नाहीत. माझ्याकडे पाहून हळूच म्हणाल्या, "मास्तरीणबाई, पेशंट म्हटलं का पुरा पेशंट, बरं का. मले अर्धा येत नाही."

आणि मी, माईकमधून, हॉल दुमदुमेल अशा आवाजात, "अहो पुरा! पुरा पेशंट!"

सिस्टरांनी हात बांधला. अध्यक्ष काही तरी गमतीचं बोलायला गेले. "पेशंट बोलत नाही," सिस्टर म्हणाल्या. लोक हसले. मग त्या प्रेक्षकांकडे पाठ करून वर्गातल्या बायांना सांगायला लागल्या, की पाहा, धडधाकट माणूस आहे, तरी मान कशी धरली आहे, याला भीती वाटून राहिली, याच्या खांद्याखाली हात घालाल तर आधी तळवा ऊन करा. त्यांच्या लेखी हॉल रिकामा होता. ती एक दुपार होती आणि खाटेवर एक माणूस होता. मग त्यांनी मंदापुढे हात केला.

मंदानं पाण्याचा मग दिला.

मला माहीत होतं त्या मगात काय आहे. मी त्यात भिजलेली होते. माईक माझ्या हातात होता. एक शब्द पुरला असता. पण त्या खरंच ओततील असं मला वाटलं नाही. मी ज्या शाळेत आयुष्य काढलं तिथे संस्थेच्या माणसाचं पोर नापास झालेलं मी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, अध्यक्षांच्या बाबतीत सिस्टर नुसतं दाखवल्यासारखं करतील.

सिस्टरांनी सगळा मग ओतला.

कांजी केलेला पायजमा भिजला की काय दिसतं ते मी सांगत नाही. हॉल फुटला हसून. मागची पोरं बाकांवर चढली, फोन वर झाले. अध्यक्ष उठायला गेले तर हात बांधलेला. सिस्टरांनी त्यांच्या छातीवर तळवा ठेवला, अगदी हलका, आणि म्हणाल्या, "पडून राहा जरा. गार होऊ द्या. मंग समजते."

ते पडून राहिले नाहीत. कुणीतरी गाठ सोडली. पण माणूस तयारीचा. हात जोडून, हसून, माईक घेऊन म्हणाले, "सिस्टरांनी उन्हाळ्यात आम्हाला थंड केलं!" टाळ्या पडल्या. मी सगळ्यांत जास्त वाजवल्या. खाली गाडीत त्यांच्या ड्रायव्हरनं सीटवर वर्तमानपत्र पसरलं, ते मी वरून खिडकीतून पाहिलं.

नळाचं बोलायचं राहूनच गेलं.

अध्यक्षांनी राग केला नाही, भांडण केलं नाही. थोड्याच दिवसांत हॉल रंगवायला काढला. जिना पाडून नवा करायला घेतला. दाराला कुलूप लागलं. खाट कामगारांनी उचलून खाली रस्त्यावर ठेवली, उन्हात. रंग वाळला तेव्हा पाटी लागली: रुग्णसेवेचं प्रशिक्षण केंद्र, एसी, प्रमाणपत्र, आणि खाटेवर झोपवायला चक्क प्लॅस्टिकचा माणूस.

मी अध्यक्षांकडे गेले. त्यांनी चहा पाजला, संत्रा बर्फी पुढे केली. "मॅडम, सिस्टर आम्हाला आईसारख्या. पण वय झालं ना त्यांचं. आणि मान-सन्मानानं निरोप तर दिलाच आपण. तुम्हीच तर केला ना सगळा कार्यक्रम? एवढा सुंदर!"

मी बर्फी खाल्ली. काय करणार? ते म्हणाले ते खरं होतं. शाल, नारळ, भाषणं, फोटो. आपल्याकडे हे सगळं झालं की माणूस संपला असं सगळे समजतात. गल्लीत तर सिस्टरांना लोक विचारायला लागले, 'मग, आता आराम का?'

सिस्टरांनी घरी वर्ग चालवायचं ठरवलं. घर म्हणजे गल्लीतल्या पुढे-मागे दोन खोल्या. खाट दारातून आत जाईना. आडवी केली, उभी केली, पाय काढले तरी जाईना. शेवटी दारापुढे गल्लीतच ठेवली आणि वर ताडपत्री बांधली. दोन-तीन दुपारी काही बाया आल्या. पण रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, ओल्या चादरीवर कोण पडणार? आणि ब्यूरोवाले आता प्रमाणपत्र मागायला लागले. बाया एकेक करून पाटीखाली गेल्या. हवालदाराची आई तोवर वारली होती. शेजारणींनी खाटेवर मिरच्या वाळत घातल्या.

मंदाही केंद्रात गेली. त्याच सुमारास ती आमच्याकडे ह्यांचं करायला लागली होती. मला जमत नव्हतं हे मी तोवर कबूल केलं होतं. एकदा ह्यांचं अंग पुसता पुसता मी तिला विचारलं, "कसं आहे गं तिथे?"

"मस्त आहे काकू. एसी आहे. थो प्लॅस्टिकचा बुढा बी चांगला आहे. कसाबी उचला, काही म्हणत नाही." तिनं ह्यांच्या कानामागं पुसलं. "तिथं सगळ्याच पास होतेत."

"सिस्टरांकडे जातेस का कधी?"

"कोणत्या तोंडानं जाऊ, काकू?" मंदा म्हणाली. "मले नवं सर्टिफिकेट हातात घेऊन थ्यांच्या दारावरून जा लागते. मी दुसऱ्या गल्लीनं जातो."

माझ्या कपाटात एक मानपत्र होतं. सत्काराच्या दिवशी वाचायचं राहून गेलेलं; पाण्याच्या गोंधळात कुणाला त्याची आठवणच राहिली नव्हती. ते मी स्वतः लिहिलं होतं, आठवडाभर बसून. सोनेरी कागदावर छापून फ्रेम केलेलं. मला वाटायला लागलं की सिस्टरांकडे एकदा जावं, चूक झाली म्हणावं. रिकाम्या हातानं जाववेना. म्हणून ते घेतलं. दुसरं कुणी असतं तर शेवया नेल्या असत्या.

हिवाळा होता. सिस्टर गल्लीतल्या त्या खाटेवरच बसल्या होत्या, पुढ्यात तुरीच्या शेंगांचा ढीग. मला पाहून सरकल्या, जागा केली. मी बसले. मी हॉलबद्दल बोलायला तोंड उघडलं तशी त्यांनी माझ्या ओंजळीत शेंगा टाकल्या. "सोला. बोलता बोलता सोला." मी सोलायला लागले. बोलणं काही होईना. नख लहान कापलेलं असलं की शेंग लवकर उघडत नाही.

शेवटी मी पिशवीतून फ्रेम काढली. "हे तुमचं आहे, सिस्टर. त्या दिवशी राहून गेलं."

त्यांनी फ्रेम मांडीवर घेतली. सोनेरी काठावरून अंगठा फिरवला. "चष्मा आत आहे. तुम्हीच वाचा."

"राहू द्या ना आता."

"वाचा. लिहिलं त तुम्हीच असंन."

मी वाचलं. गल्लीत, मिरच्यांच्या वासात, एक पोरगी सायकल शिकत होती तिच्या घंटीत. 'वात्सल्याची मूर्ती.' 'अखंड सेवेचा नंदादीप.' 'आपल्या मुखातून कधी कठोर शब्द उमटला नाही.' 'आपल्या स्पर्शातून असंख्य बिचाऱ्या जिवांना...' प्रत्येक ओळीला माझा आवाज खाली जात होता. शाळेत पोरांनी निबंधात असलं काही लिहिलं की मी लाल शाईनं 'पाठ केलेले' असा शेरा देत असे. मी पुढची ओळ गाळायला पाहिली तर सिस्टर म्हणाल्या, "गाळू नका." मी शेवटपर्यंत वाचलं. तारीख, स्थळ, 'आपले ऋणी' सकट.

त्या ऐकत होत्या. शेंगा सोलायच्या थांबल्या नव्हत्या. वाचून संपल्यावर त्यांनी मांडीवरची सालं झटकली, फ्रेम माझ्या पिशवीत परत ठेवली, पिशवीचे बंद नीट एकात एक घातले, आणि माझ्याकडे पाहून, अजिबात न चिडता, म्हणाल्या, "लय चांगली बाई दिसते हे. त्या दिवशी हिलेच बोलवाचं होतं, मास्तरीणबाई. हॉल त राहिला असता."